पोलादी पत्री स्थूणा

पोलादी पत्री स्थूणा : कडा एकमेकींत अडकतील अशा रीतीने तयार केलेल्या आणि जमिनीत एकीला लागून एक अशा उभ्या ठोकलेल्या लांब पोलादी पट्ट्यांना पत्री स्थूणा म्हणतात. अभियंत्यांच्या बोलण्यात ‘शीट पाइल’ हेच नाव रूढ आहे. इमारतीच्या पायातील सामान्य स्थूणा वरचा भार खालच्या कठीण थराकडे पोहोचविते [⟶ पाया]. पत्री स्थूणांची भिंत मुख्यतः आडवा दाब सहन करते. तिच्या एका अंगाला माती व भूजल असते आणि दुसऱ्या अंगाला नदी, समुद्र किंवा मोकळा खड्डा असतो. बंदरांतील धक्के, कालव्यांचे काठ, पूरभिंती, रस्त्यांच्या खोदणीतील धारक भिंती व तळघरे यांसाठी तिचा उपयोग करतात. सु. १ सेंमी. जाडीचा पत्रा दहा-पंधरा मीटर उंचीची माती कायमची कशी अडवून धरणार, ही शंका या भिंतीच्या जन्मापासून तिच्यामागे आहे. तिचा इतिहास हा बऱ्याच अंशी या शंकेच्या निरसनाचा इतिहास आहे आणि ते निरसन अद्याप सर्वस्वी पूर्ण झालेले नाही.

फळ्या ठोकून पाणी अडविण्याची कल्पना प्राचीन आहे. इ. स. पू. पहिल्या शतकातील रोमन वास्तुशास्त्रज्ञ व्हिट्रूव्हिअस यांनी बंदराच्या बांधकामासाठी दुहेरी लाकडी भिंत उभारून मधल्या जागेत माती ठासण्याची व आतील पाणी उपसून काढण्याची रीत वर्णिली आहे. पुढे युरोपात फळीच्या एका कडेला जीभ व दुसऱ्या कडेला खाच ठेवून बऱ्यापैकी घट्ट भिंती होऊ लागल्या. लाकूड कायम पाण्याखाली राहिले तर दीर्घकाळ टिकते. परंतु भरती-ओहोटीच्या पट्ट्यात ते कुजते आणि खाऱ्या पाण्यात सागरी कृमी ते पोखरून टाकतात. शिवाय दगडगोट्यांच्या जमिनीत फळीचे टोक फुटते. १८२२ मध्ये इंग्लंडमध्ये पीटर एवर्ट यांनी बिडाच्या पत्री स्थूणांचे एकस्व (पेटंट) घेतले आणि १८३० नंतरच्या काही वर्षांत लंडनमधील ब्लॅकवॉल येथील ब्रन्झविक धक्क्याच्या बांधकामात बिडाच्या स्थूणा वापरण्यात आल्या. बीड गंजास बऱ्यापैकी दाद देत नाही, पण ते ठिसूळ असते. घणाच्या आघाताने ते तडकते. लाटलेले पोलाद स्वस्त व मुबलक होईपर्यंत, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत, या पद्धतीची फारशी प्रगती झाली नाही.

पोलादी स्थूणा अमेरिका व जर्मनी या दोन देशांत जवळजवळ एकाच सुमारास अवतरली. शिकागो येथील ल्यूथर फ्रीस्टेट यांनी १८९९ मध्ये पन्हळीच्या आकाराच्या तयार पोलादी छेदांना रिव्हेटांनी पट्ट्या जोडून एकमेकांत अडकणारी स्थूणा तयार केली. १९०१ मध्ये शिकागोतीलच एका पुलाच्या पायासाठी पाणी अडविण्याकरिता ती वापरली गेली. हे काम तात्पुरते होते. पाया पुरा झाला, की स्थूणा उपटून घ्यावयाच्या आणि दुसरीकडे न्यावयाच्या, हाच तेथील पहिला उद्देश होता. उलट जर्मनीतील ब्रेमेन शहराचे शासकीय अभियंते ट्रिग्व्हे लार्सेन यांनी उथळ पन्हळीसारखा छेद योजिला व १९०२ मध्ये ब्रेमेनच्या होहेनटोर बंदरात त्याची कायम काठभिंत उभारली. साध्या पत्र्यापेक्षा छपराचा पन्हळी पत्रा ताठ असतो, तेच तत्त्व येथे लागू पडते. एक पन्हळ पुढे व एक मागे अशी मांडणी केल्याने भिंतीला खोली मिळते आणि धातूच्या वजनाच्या मानाने वाकण्यास होणारा विरोध पुष्कळ वाढतो. आरंभी लार्सेन स्थूणांच्या कडाही रिव्हेटांनी जोडलेल्या होत्या. १९१४ च्या सुमारास जोडासह संपूर्ण छेद गिरणीतच लाटता येऊ लागला. होहेनटोर बंदरातील ती पहिली भिंत शंभर वर्षांनंतरही काम देत होती. कायमच्या बांधकामास ही स्थूणा लायक आहे की नाही, या वादात या भिंतीइतका बोलका पुरावा दुसरा नाही.

अमेरिकेत सपाट छेदाच्या स्थूणांचा वेगळा वापर विकसित झाला. सपाट स्थूणा वाकण्यास कमी विरोध करते, पण तिचा जोड ताण उत्तम सोसतो. म्हणून अशा स्थूणांचे मोठे वर्तुळ करून त्यात माती किंवा वाळू भरली, तर पिंपाप्रमाणे स्वतःच्या वजनाने स्थिर राहणारा कोष्ठ तयार होतो. १८९८ मध्ये हॅव्हॅना बंदरात बुडालेली ‘मेन’ ही युद्धनौका वर काढण्यासाठी १९१० नंतर तिच्याभोवती सु. १५ मी. व्यासाच्या २० कोष्ठांचे कडे उभारून आतील पाणी उपसण्यात आले. नौकेचा तरंगू शकणारा भाग मार्च १९१२ मध्ये खोल समुद्रात नेऊन बुडविण्यात आला. कडे तात्पुरते होते. परंतु कोष्ठरचना पुढे कायमच्या धक्क्यांसाठी व लाटारोधक बांधांसाठीही स्वीकारली गेली.

लार्सेन छेदाबद्दल एक मतभेद मात्र दीर्घकाळ राहिला. या भिंतीत कडेचे जोड नेमके भिंतीच्या मध्यरेषेवर, म्हणजे उदासीन अक्षावर येतात आणि भिंत वाकू लागली, की उभ्या दिशेतील कर्तन प्रेरणा तेथेच सर्वाधिक असते. जोड सरकला तर दोन पन्हळी एकजीव न राहता स्वतंत्रपणे वाकतात व भिंतीचे हिशेबी बल बरेच घटते. ज्यांच्या छेदांत जोड बाहेरच्या कडांवर येतो अशा ‘झेड’ आकाराच्या स्थूणांना ही अडचण नाही. लार्सेन पद्धतीच्या पुरस्कर्त्यांचे म्हणणे असे, की जोडातील घर्षण, अडकलेली वाळू व गंज यांमुळे सरकणे होत नाही आणि शेकडो भिंतींचा अनुभव त्यांच्या बाजूने होता. तरीही मऊ चिकणमातीत वा पाण्यात घर्षणावर किती विसंबावे, हा प्रश्न उरतोच. युरोपीय मानकांत २००७ मध्ये अशा स्थूणांसाठी बल कमी धरण्याचा गुणक समाविष्ट झाला, तो यामुळेच.

सिद्धांत प्रत्यक्षाच्या मागून आला. शार्ल ऑग्युस्तीन द कूलंब (१७७३) व विल्यम रँकिन (१८५७) यांचे मृदा दाबाचे सिद्धांत दगडी भिंतींचा विचार करून मांडलेले होते. दगडी भिंत ताठ असते व वजनाने उभी राहते. स्थूणाभिंत वाकते, ती खाली जमिनीत रुतलेली असते आणि वर ताणगजांनी मागील जमिनीतील स्थिरकाला बांधलेली असते. जुन्या सूत्रांनी हिशेब केला तर डेन्मार्कमधील कित्येक उभ्या भिंती कोसळावयास हव्या होत्या, पण त्या उभ्या होत्या. तेथील अभियंत्यांनी अनुभव प्रमाण मानून १९२३ मध्ये स्वतंत्र नियम केले. दोन आधारांमधला भाग किंचित वाकला, की मागील मातीचा दाब तेथून आधारांकडे सरकतो, हे त्यामागील कारण होय. जर्मनीत हेर्मान ब्लूम यांनी १९३१ मध्ये रुतलेल्या टोकाच्या बंधनाचा सोपा हिशेब दिला. अमेरिकेत ग्रेगरी चेबोटारिओफ यांनी मोठ्या प्रतिकृतींवर प्रयोग केले आणि १९५२ मध्ये मँचेस्टर येथील पी. डब्ल्यू. रो यांनी भिंतीची लवचिकता व नमन परिबलातील घट यांचा संबंध प्रयोगांनी निश्चित केला. दुर्बळता म्हणून हिणवला गेलेला लवचिकपणा अशा रीतीने काटकसरीचे साधन ठरला. मात्र ही सवलत फक्त वाकण्यापुरती आहे. स्थिरक व टोकाची रुतण्याची खोली यांना ती लागू नाही. हे भान सुटल्यास काय होते ते पुढे पाहू.

ठोकण्याच्या तंत्राविषयी थोडक्यात सांगावयाचे म्हणजे, वाफेच्या घणानंतर डीझेलचे घण आले. १९४९ मध्ये सोव्हिएट रशियात व्होल्गा नदीवरील गॉर्की जलविद्युत् केंद्राच्या कामावर द. द. बार्कान यांच्या कंपनयंत्राने स्थूणा उतरविण्यात आल्या. १९७५ मध्ये जपानमधील कोची (केरळातील कोची नव्हे) येथे आधी रोवलेल्या स्थूणा पकडून त्यांच्या बळावर पुढची स्थूणा आवाज न करता दाबणारे यंत्र तयार झाले. दाट वस्तीत कायमच्या भिंती बांधणे त्यामुळे सुकर झाले.

गंज हा कायमच्या भिंतीचा खरा शत्रू. आरंभी अभियंते सर्वत्र सारखाच गंज चढेल असे धरून चालत. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेतील मेल्व्हिन रोमनॉफ यांनी ७ ते ४० वर्षे जमिनीत राहिलेल्या स्थूणा काही ठिकाणी उपटून व काही ठिकाणी खणून तपासल्या. १९६२ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष अनपेक्षित होता : न हलविलेल्या नैसर्गिक जमिनीत, माती कोणत्याही प्रकारची असो, पोलादाची झीज नगण्य असते, कारण तेथे ऑक्सिजन पोहोचत नाही. पाण्यातील स्थिती निराळी आहे. युरोपीय मानकानुसार एका पृष्ठावरून ५० वर्षांत होणारी झीज नैसर्गिक जमिनीत ०.६ मिमी., कायम समुद्रात बुडालेल्या भागात १.७५ मिमी., तर लाटांचे शिंतोडे उडतात त्या व ओहोटीच्या पातळीच्या पट्ट्यांत ३.७५ मिमी. धरतात. हे आकडे समशीतोष्ण हवामानासाठी आहेत. उष्ण कटिबंधातील किनाऱ्यावर ते जसेच्या तसे लावणे धोक्याचे आहे. शिंतोड्यांच्या पट्ट्यात भिंतीवरील नमन परिबल सहसा कमी असते, ही एक सुदैवाची गोष्ट. ओहोटीच्या पातळीबाबत मात्र तसे सुदैव नाही.

याच पातळीवर १९८० नंतर युरोपातील अनेक बंदरांत एक विलक्षण प्रकार ध्यानात आला. पोलादावर नारिंगी रंगाचा मऊ थर, त्याखाली काळा गाळ आणि तो पुसला, की खड्डे पडलेले चकचकीत पोलाद असे त्याचे स्वरूप होते. झीज वर्षाला ०.५ मिमी. किंवा त्याहूनही जास्त, म्हणजे १ सेंमी. जाडीचा पत्रा वीस वर्षांत आरपार ! गंधकाच्या संयुगांवर जगणारे सूक्ष्मजंतू यास कारणीभूत असल्याचे आढळले. काही सल्फेटाचे सल्फाइड करतात, तर काही त्यापासून अम्ल बनवितात. एकदा भोक पडले, की प्रत्येक ओहोटीबरोबर मागची भर वाहून जाते आणि धक्क्याची फरशी वरून शाबूत दिसत असताना खाली पोकळी तयार होते. भोके झाकण्यासाठी वेल्डिंगने पत्रे लावणे, ओहोटीच्या पातळीखालपर्यंत काँक्रीटचा पडदा घालणे, रंगाचे जाड लेप देणे व ऋणाग्री संरक्षण हे उपाय आहेत. ते धक्का बांधतानाच केल्यास स्वस्त पडतात. नंतर केल्यास पाणबुड्यांचे काम लागते.

पोलाद शाबूत असूनही भिंत निकामी होऊ शकते. १६ जून १९६४ रोजी जपानमधील नीगाता येथील भूकंपात भिजलेल्या वाळूचे द्रवीभवन होऊन अनेक स्थूणाधक्के पुढे सरकले. मागील स्थिरकांनाच जमिनीचा आधार उरला नव्हता. २९ ऑगस्ट २००५ रोजी कॅट्रिना वादळाच्या वेळी अमेरिकेतील न्यू ऑर्लीअन्स शहरात १७ व्या रस्त्याच्या कालव्यावरील पूरभिंत फुटली. मातीच्या बांधात पोलादी स्थूणा व त्यांवर काँक्रीटची भिंत अशी तिची रचना होती. पाण्याच्या दाबाने भिंत शहराकडे किंचित कलली, कालव्याच्या बाजूस बांध व भिंत यांत फट पडली, फटीत पाणी शिरले आणि मागचा अर्धा बांध मऊ चिकणमातीवरून भिंतीसह घसरला. तेथील स्थूणांची टोके समुद्रसपाटीखाली केवळ सु. ५.३ मी. होती. १९८५ मध्ये लुइझिॲनातच केलेल्या एका पूर्णाकार चाचणीवरून आखूड स्थूणा पुरेशा आहेत असा निष्कर्ष काढण्यात आला होता. तो चुकीचा होता, असे या आपत्तीनंतरच्या अभ्यासांत दिसून आले. काटकसर नेमकी जेथे करावयाची नाही, तेथे ती झाली होती आणि तिची किंमत शहरातील रहिवाशांनी मोजली.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जहाजे मोठी होत गेली, तसे रॉटरडॅम, हँबर्ग इ. बंदरांत केवळ पत्री स्थूणा अपुऱ्या पडू लागल्या. तेथे जाड पोलादी नळ्या किंवा रुंद तुळया काही अंतरावर ठोकून त्यांच्या मधील जागा पत्री स्थूणांनी भरण्याची मिश्र भिंत रूढ झाली. भार नळ्या पेलतात व माती पत्रे अडवितात.

भारतात या स्थूणांच्या छेदांसाठी आयएस २३१४ हे आणि बंदरांतील स्थूणाभिंतींच्या अभिकल्पासाठी आयएस ९५२७ (भाग ३, १९८३) हे मानक आहे. तथापि जेथे बेसाल्ट खडक थोड्याच खोलीवर लागतो, तेथे स्थूणेला रुतण्यास जागाच मिळत नाही. मुंबईच्या किनाऱ्यावर अशी ठिकाणे बरीच आहेत. अशा जागी खडकात चर खोदून ओतलेली काँक्रीटची भिंत, किंवा खडकावर टेकविलेली वजनदार भिंतच सोयीची ठरते. खोल गाळाच्या व वाळूच्या नदीमुखांशी परिस्थिती याच्या उलट असते.