औषध पोहोचत नव्हते ती जागा

१९४७ च्या अखेरीस बॉस्टनमध्ये डॉ. सिडनी फार्बर यांनी ल्युकेमिया, म्हणजेच रक्ताचा कर्करोग झालेल्या मुलांना अमिनोप्टेरिन हे नवे औषध द्यायला सुरुवात केली. १६ पैकी १० मुलांची प्रकृती सुधारली. त्या काळी हा जवळजवळ चमत्कारच होता. (थ्रेड)

हे औषध तयार झाले होते लेडर्ली कंपनीत, भीमवरमला जन्मलेल्या यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या मार्गदर्शनाखाली. फार्बर यांचा शोधनिबंध जून १९४८ मध्ये प्रसिद्ध झाला आणि ऑगस्टमध्ये सुब्बाराव निवर्तले. कर्करोगाच्या इतिहासात त्यांना मिळायला हवी तेवढी जागा आजही मिळालेली नाही.

सुधारणा टिकली नाही; पण पुढे नवी औषधे आली, मुले अधिक काळ जगू लागली आणि तेव्हाच एक विचित्र गोष्ट ध्यानात येऊ लागली. रक्त तपासावे तर निर्दोष, अस्थिमज्जा स्वच्छ. तरीही मुलाला डोकेदुखी, उलट्या, दृष्टिदोष. क्विंके यांनी १८९१ मध्ये रूढ केलेल्या पद्धतीने कमरेत सुई घालून पाठीच्या कण्यातले पाणी काढले, की त्यात कर्कपेशी सापडत. मेंदू व मज्जारज्जू यांच्या आवरणांत रोग दडून बसलेला असे.

याचे कारण जुनेच होते. १८८५ मध्ये पाउल एर्लिख यांनी प्राण्यांच्या रक्तात रंग सोडला, तेव्हा सारे अवयव रंगले, मेंदू मात्र कोरा राहिला. रक्त आणि मेंदू यांच्यामधली तटबंदी रंगाला अडवते, तशीच बहुतेक औषधांनाही. शत्रूला आयताच किल्ला मिळाला होता.

मेम्फिसच्या सेंट ज्यूड रुग्णालयात डोनाल्ड पिंकेल यांनी १९६७ मध्ये धाडसी निर्णय घेतला. आवरणांत रोगाचे एकही चिन्ह नसताना मुलांच्या डोक्याला २४०० रॅड किरणोपचार द्यायचे आणि मेथोट्रेक्सेट थेट मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात सोडायचे. वरवर निरोगी दिसणाऱ्या मेंदूवर किरणांचा मारा करणे अनेकांना क्रूर वाटले असेल, यात नवल नाही. परंतु जेथे पूर्वी क्वचितच एखादे मूल वाचे, तेथे सुमारे निम्मी मुले बरी झाली.

किंमतही मोजावी लागली. काहींची वाढ खुंटली, काहींना शिकणे जड गेले, तर काहींना पुढे मेंदूतच नवी गाठ झाली. म्हणून किरणांची मात्रा टप्प्याटप्प्याने घटवण्यात आली. २००९ मध्ये त्याच सेंट ज्यूडच्या डॉक्टरांनी दाखवून दिले, की औषधे नेमकी योजली तर प्रतिबंधासाठी किरणोपचारांची गरजच उरत नाही.

आता उरला मूळ प्रश्न: या पेशी तेथे पोहोचतात तरी कशा? तटबंदी फोडून, असाच समज होता. २०१८ मध्ये उंदरांवरील प्रयोगांत निराळीच वाट दिसली. मणक्यांतील अस्थिमज्जेतून निघणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या हाडातून आरपार थेट आवरणांपर्यंत जातात. कर्कपेशी त्या वाहिन्यांच्या आतून वाहत जात नव्हत्या. त्यांच्या बाहेरच्या अंगाला धरून सरपटत होत्या. तटबंदीशी त्यांची गाठच पडत नव्हती.