हापूस आंबा : पारख व साठवण

हापूस या कलमी आंब्याची तयारी ओळखणे, तो पिकवणे व टिकवणे यांचा विचार या नोंदीत केला आहे. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे व पालघर या जिल्ह्यांतील हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. आंबा झाडावरून उतरवल्यानंतरही पिकतो, कारण त्याच्या श्वसनाचा वेग वाढतो व पिकण्यास चालना देणारा एथिलीन हा वायू तो स्वतःच निर्माण करतो. त्यामुळे काढणीपासूनचे दिवस मोजून त्याची प्रत ठरवता येत नाही. चव, वास आणि टिकाऊपणा या तिन्ही गोष्टी फळ किती तयार असताना उतरवले यावर अवलंबून असतात, आणि कोवळ्या फळातील उणीव पुढे कितीही काळजी घेतली तरी भरून निघत नाही.

तयारीची लक्षणे. कोकणातील बागायतदार फळाची तयारी आण्यांत सांगतात. सोळा आणे म्हणजे पूर्ण तयार आणि चौदा आणे म्हणजे सुमारे ८५ टक्के तयार. फळाचे खांदे भरून देठाच्या वर येणे, देठाशी खळगा पडणे व सालीचा गर्द हिरवा रंग फिकट होणे ही तयारीची मुख्य लक्षणे होत. झाडावर एखादे फळ आपोआप पिकू लागले की त्या झाडाला पाड लागला असे म्हणतात व बाकीची फळे काढणीस आली असे मानतात. तयार फळ पाण्यात बुडते आणि कोवळे तरंगते, कारण पक्व फळाची घनता पाण्यापेक्षा किंचित अधिक असते.

काढणी. फळ आपटल्यास किंवा देठ मुळापासून तुटल्यास चीक सालीवर ओघळून काळे डाग पडतात व देठाकडून कुजण्यास वाव मिळतो. म्हणून थोडा देठ राखून फळ कापणारा, पाते बसवलेला नूतन झेला दापोलीच्या कृषी विद्यापीठाने विकसित केला.

अढी. भाताचा पेंढा किंवा वाळलेले गवत जमिनीवर पसरून त्यावर फळांचे थर लावण्याच्या पद्धतीस अढी म्हणतात. थरांमध्ये पेंढा घालून वरूनही झाकतात, त्यामुळे ऊब टिकते व फळांतून निघणारा एथिलीन आतच राहतो. अढी अधूनमधून उघडून पिकलेली फळे वेगळी करावी लागतात आणि डागी फळ तत्काळ काढावे लागते, कारण करपा व देठकूज हे बुरशीजन्य रोग शेजारच्या फळांवर लवकर पसरतात. काढणीनंतर फळे ५० ते ५५ अंश सेल्सियस तापमानाच्या पाण्यात काही मिनिटे बुडवल्यास हे रोग कमी होतात.

साका. कोयीलगतचा गर फिकट, स्पंजासारखा व आंबट राहणे या विकृतीस साका म्हणतात. मुंबई इलाख्याच्या कृषी खात्यातील जी. एस. चीमा व पी. जी. दाणी यांनी युरोपला होणाऱ्या आंबा-निर्यातीवरील १९३४ च्या अहवालात तिची नोंद केली. साक्याचे बाहेरून कोणतेही लक्षण दिसत नाही, त्यामुळे निवडीचे इतर सर्व निकष पाळलेले फळही कापल्यावर निकामी निघू शकते. तापलेल्या जमिनीतून येणारी उष्णता हे कारण काही संशोधकांनी मांडले आहे, तर काहींनी कोयीतील अंकुरणाच्या प्रक्रियेकडे बोट दाखवले आहे. या प्रश्नावर एकमत नाही. फळ झाडावर जितके अधिक पिकेल तितका साक्याचा धोका वाढतो, आणि फार लवकर उतरवल्यास गोडी व वास येत नाहीत. चौदा आणे तयारीला फळ उतरवण्याचा संकेत हा या दोन टोकांमधला मार्ग आहे व त्यातच बागायतदाराच्या नजरेची खरी कसोटी लागते. वेंगुर्ले येथील फळ संशोधन केंद्राने नीलम व हापूस यांच्या संकरातून १९८१ मध्ये प्रसारित केलेली रत्ना ही जात साक्यापासून मुक्त आहे.

बाजारातील पारख. देठाजवळ हुंगल्यास भरलेला गोड वास येणे आणि बोटाच्या हलक्या दाबाला फळ सर्वत्र सारखे लवणे ही पिकल्याची भरवशाची लक्षणे होत. कोवळे उतरवलेले फळ पिवळे पडले तरी सुरकुतते. कॅल्शियम कार्बाइडने पिकवलेल्या फळाची साल पिवळीधमक परंतु गर टणक व आंबूस असू शकतो. मात्र केवळ रंगावरून तसा निष्कर्ष काढणे सुरक्षित नाही. कार्बाइडमधील आर्सेनिक व फॉस्फरसच्या अंशांमुळे भारतात त्याच्या वापरास बंदी आहे; एथिलीन वायूचा नियंत्रित वापर मान्य आहे.

साठवण. कच्चे हापूस शीतगृहात सुमारे १३ अंश सेल्सियसला ठेवतात. त्याहून बरीच कमी थंडी लागल्यास सालीवर करडे डाग व खड्डे पडतात आणि नंतर फळ नीट पिकत नाही. म्हणून घरीही कच्चा आंबा फ्रिजमध्ये ठेवू नये. तो हवेशीर जागी, पेंढ्यात किंवा कागदात, एकमेकांवर भार न देता मांडावा. पूर्ण पिकलेले फळ मात्र काही दिवस फ्रिजमध्ये टिकते. ओलाव्याने बुरशी वाढते, त्यामुळे फळे ठेवण्यापूर्वी न धुता खाण्याच्या वेळी धुवावीत. आंब्याजवळ पालेभाजी ठेवल्यास एथिलीनमुळे ती लवकर पिवळी पडते. वर्षभरासाठी रस उणे १८ अंश सेल्सियसला गोठवतात.

इतर जाती. पायरी हापूसपेक्षा कमी टिकते, त्यामुळे ती पिकताच वापरावी लागते.