प्रक्रियेचे चित्र आणि स्लाईडचा साचा : मोहोपाड्याच्या पाण्याचे उदाहरण

वर्गात एखादी प्रक्रिया समजावून देताना शिक्षक आज बहुधा संगणकातील स्लाईडचा तयार साचा उघडतो : चारपाच चौकटी, त्यांना जोडणारे बाण, प्रत्येक चौकटीत दोनतीन शब्द. हा साचा आला कोठून, हे इतिहासाच्या अभ्यासकाने विचारण्यासारखे आहे. कूळ कळले म्हणजे मर्यादाही कळतात.

पडद्यावर काचचित्रे दाखवून सांगण्याची रीत आपल्याकडे नवी नव्हे. कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन यांनी १८९२ पासून ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने मॅजिक लँटर्नचे खेळ केले. काचेवर हाताने रंगविलेली चित्रे एकामागून एक सरकविली जात आणि दोन चित्रांमधील अंतर निवेदकाने आपल्या वाणीने भरून काढावयाचे असे. पुढे १९१२ साली दादासाहेब फाळके यांनी कुंडीतील वाटाणा रुजून त्याचे रोप कसे होते याचे चित्रण केले. तेथे ते अंतरच जवळजवळ नाहीसे झाले.

चौकट आणि बाण यांचे कूळ मात्र कारखान्यातले. फ्रँक व लिलियन गिलब्रेथ या दांपत्याने १९२१ साली अमेरिकेतील यांत्रिकी अभियंत्यांच्या संस्थेपुढे प्रक्रिया-तक्ता मांडला. कामातील अनावश्यक पायऱ्या हुडकून गाळणे हा त्याचा हेतू होता. पॉवरपॉइंट १९८७ मध्ये बाजारात आले व २००७ च्या आवृत्तीत ‘स्मार्टआर्ट’ या नावाने असल्या आकृत्या आयत्या मिळू लागल्या. गाळण्यासाठी जन्मलेले साधन आता शिकविण्यासाठी वापरले जात आहे, हे ध्यानात ठेवावयास हवे.

मोहोपाड्याच्या वर्गात खोपोलीची वीज शिकवावयाची आहे, असे समजू. साच्यात ती अगदी सुबक बसते : तलाव, नळ, चक्र, जनित्र, मुंबई. १९१५ साली सुरू झालेल्या या केंद्रात लोणावळा, वळवण व शिरवटा येथील पाणी सुमारे १,७०० फूट खाली येते. शेवटची चौकट विजेची. तेथे बाण थांबतो. परंतु पाणी थांबत नाही. मुळात इंद्रायणीच्या खोऱ्यातले, म्हणजे भीमेच्या वाटेने पूर्वसमुद्रास जाणारे हे पाणी घाट उतरून पाताळगंगेस मिळते आणि मोहोपाडा-रसायनीच्या अंगाने पश्चिमेस जाते. या पाण्यामुळे नदी उन्हाळ्यातही वाहती राहिली. १९६० साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्सचा कारखाना रसायनीस आला. पाताळगंगेच्या काठची पुढची औद्योगिक वसाहतही या वाहत्या नदीवाचून समजत नाही. तात्पर्य, ज्या गावात हा धडा शिकवावयाचा, त्या गावाचा इतिहास शेवटच्या चौकटीनंतर सुरू होतो, आणि साच्यात त्याला जागाच नाही.

साचा टाकूनच द्यावा, असे आमचे म्हणणे नाही. पायऱ्यांचा क्रम तो चटकन दाखवितो, आणि साठसत्तर मुलांच्या वर्गात ही सोय लहान नव्हे. मात्र प्रत्येक बाणापाशी थांबून ‘येथून काय बाहेर पडले, ते कोठे गेले?’ असे विचारण्याचे काम शिक्षकाचेच आहे. पटवर्धनांच्या खेळात ते निवेदकाचे होते. पहिल्या चौकटीच्या अलीकडेही असाच प्रश्न उभा राहतो. गिलब्रेथ यांचा तक्ता प्रसिद्ध झाला त्याच १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशीचा सत्याग्रह झाला. भिऱ्याच्या विजेची आकृती ‘तलाव’ या शब्दाने सुरू केली, म्हणजे मुळशी पेट्यातील पाण्याखाली गेलेली गावे व भातखाचरे आपोआपच आकृतीबाहेर राहतात.