असईच्या तोफा

भोकरदन तालुक्यातल्या असई गावाजवळ, केळणा आणि जुई या दोन नद्यांमधल्या चिंचोळ्या पट्ट्यात, २३ सप्टेंबर १८०३ रोजी दुपारी जी लढाई झाली, तिचा निकाल आपण फार सहज लावून टाकतो. इंग्रजांकडे नवे शास्त्र होते, मराठे जुन्या हत्यारांवर विसंबून राहिले, म्हणून दौलतराव शिंदे आणि रघूजी भोसले हरले, असे एका दमात सांगितले जाते. ऐकायला ते पटते, कारण पुढे जे राज्य आले त्याच्याशी ते जुळते. पण त्या दिवशी असईच्या मैदानावर कुणाकडे काय होते हे पाहिले, की हा निकाल टिकत नाही. इंग्रजांचा सेनापती आर्थर वेलस्ली याच्याकडे सतरा तोफा होत्या. शिंदे-भोसल्यांकडे शंभराच्या आसपास. आणि फरक नुसता संख्येचा नव्हता. जालना जिल्ह्याच्या मातीत त्या दिवशी जो तोफखाना उभा होता, तो घडणीत आणि गोलंदाजांच्या कसबात जगातल्या कुठल्याही समकालीन तोफखान्याच्या तोडीचा होता, असे माझे म्हणणे आहे. तिथे हरले ते काही वेगळेच.

या तोफांची घडण आधी पाहू. महादजी शिंद्यांनी १७८४ साली बेनवा द बॉयन या सॅव्हॉयच्या अधिकाऱ्याला चाकरीत घेतले आणि त्याच्याकडून कवायती पलटणी उभ्या करून घेतल्या. या पलटणींच्या कंपूंना लागणाऱ्या तोफा आग्र्याच्या कारखान्यात तयार होऊ लागल्या. ओतकामावर सँगस्टर नावाचा एक स्कॉटिश कारागीर होता. तो आधी गोहदच्या राण्याकडे काम करत असे. पुढे मथुरा आणि उज्जैन इथेही तोफा ओतल्या जात. मराठी मुलखाला हे काम नवे नव्हते. विजापूरच्या बुरुजावरची मलिक-ए-मैदान ही तोफ १५४९ साली अहमदनगरला ओतली गेली, तीही एका तुर्क उस्तादाच्या हाताखाली. देवगिरीच्या किल्ल्यावरची मेंढा तोफ जालन्याहून फार दूर नाही. मात्र या साऱ्या किल्ल्यावरच्या तोफा. एकदा बुरुजावर चढवल्या की तिथेच राहायच्या. महादजींना हवी होती ती पलटणीबरोबर चालणारी, बैलांनी ओढून नेता येणारी, लढाईच्या मध्यावर तोंड फिरवता येणारी तोफ. तिला वजन कमी हवे, गाडा मजबूत हवा आणि नेम पटकन बदलता यायला हवा.

ही गरज त्या कारागिरांनी कशी भागवली, याचा चांगला पुरावा इंग्रजांच्याच कागदांत आहे. असईच्या बारा दिवस आधी, ११ सप्टेंबरला, जनरल लेकने दिल्लीजवळ शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला. तिथे हाती लागलेल्या तोफांची यादी त्याच्या तोफखान्याच्या अधिकाऱ्यांनी केली, तीत मथुरा आणि उज्जैन इथे ओतल्याचे लेख असलेल्या तोफा आहेत. मापे बहुतांशी फ्रेंच धर्तीची आहेत, पण काम ईस्ट इंडिया कंपनीच्या कोठारातल्या कुठल्याही तोफेइतके सफाईदार आहे, असा शेरा आहे. तोंड वरखाली करायचे आटे प्रत्येक तोफेला बसवलेले होते; पूर्वी त्यासाठी तोफेच्या बुडाखाली लाकडी पाचर सरकवत. काही चार पौंडी तोफांची रचना तर मुद्दाम पाहण्यासारखी आहे. आत लोखंडाची नळी आणि तिच्यावर ओतलेले पितळ, म्हणजे खरे तर कासे. नुसती काशाची तोफ सहसा फुटत नाही, पण सतत मारा केला की लोखंडी गोळे तिची नळी आतून खरवडतात आणि नेम बिघडतो. नुसती बिडाची तोफ आतून टिकते, पण जड होते आणि फुटली तर गोलंदाजांना घेऊनच जाते. लोखंड वितळायला जेवढी आच लागते, तिच्यापेक्षा बऱ्याच कमी आचेवर कासे वितळते. त्यामुळे आतल्या नळीला धक्का न लावता तिच्यावर कासे ओतता येते, आणि निवताना ते आवळत नळीला घट्ट धरून बसते. दोन धातूंचे गुण एका तोफेत आणण्याची ही युक्ती हिंदुस्थानात मोगल काळापासून माहीत होती. शिंद्यांच्या कारखान्यांनी ती हलक्या, रणांगणावर फिरणाऱ्या तोफेत उतरवली.

इथे पहिली शंका येते ती अशी, की जिंकणारा शत्रूच्या हत्याराची थोरवी गातोच, कारण त्यात त्याचीच थोरवी वाढते. शंका रास्त आहे. वेलस्लीने पकडलेल्या तोफांपैकी सत्तरेक पितळी तोफा आपण पाहिलेल्यांत उत्कृष्ट असल्याचे लिहिले, तेव्हा त्याला मोठेपणा नको होता असे मी म्हणणार नाही. पण त्याच वर्षी त्याने आणखी एक गोष्ट लिहिली आहे आणि ती नुसत्या स्तुतीपेक्षा वजनदार आहे: शिंद्यांच्या तोफा इतक्या चांगल्या आणि सामानाने सज्ज आहेत की त्या आपल्या फौजेत सरळ चालतात, टिपूच्या तोफा मात्र आपल्याला कधी वापरता आल्या नाहीत. टिपूवरचा विजय तर कंपनीने सगळ्यांत जास्त मिरवला होता. नुसती बढाईच मारायची असती तर टिपूच्या तोफांनाही हेच प्रमाणपत्र मिळाले असते. शिवाय दिल्लीची यादी करणारे अधिकारी वेलस्लीच्या हाताखालचे नव्हते. शेकडो मैलांवरच्या दोन फौजांनी तोच निष्कर्ष काढला.

आणि लढाईने तरी काय सांगितले? नदीच्या दोन्ही काठांवर समोरासमोर दोन गावे दिसतात, तेव्हा मध्ये उतार असणारच, असा अंदाज बांधून वेलस्लीने केळणा ओलांडली. नदी उतरतानाच शिंद्यांच्या तोफांचा मारा सुरू झाला आणि त्याच्याजवळच्या एका स्वाराचे डोके गोळ्याने उडाले. बगलेवर हल्ला करायचा त्याचा बेत होता. पण शिंद्यांच्या कवायती पायदळाचा सेनापती, हॅनोव्हरचा अँथनी पोलमन, याने आपली सारी फळी तोफांसकट वळवून त्याच्यासमोर आणून उभी केली. एक टोक केळणेला, दुसरे असई गावाला. एवढ्या मोठ्या फौजेला ऐन मोक्यावर असे तोंड फिरवता येईल, हे वेलस्लीने धरलेच नव्हते. मग जो मारा झाला त्यात त्याच्या सतरा तोफांचे बैल आणि गोलंदाज पडले आणि त्या मागेच सोडून त्याला संगिनी रोखून पुढे जावे लागले. आपले लोक पुढे सरकतील की नाही याचीच एका क्षणी शंका वाटली, असे तो पुढे लिहितो. उजव्या बाजूला वाट चुकून असई गावाच्या फार जवळ गेलेल्या ७४व्या हायलँडर पलटणीची तर छर्र्यांनी चाळण झाली. त्या एका पलटणीचे सुमारे चारशे लोक ठार किंवा जखमी झाले. सायंकाळपर्यंत इंग्रजांचे ४२८ ठार आणि ११३८ जखमी झाले होते. प्रत्यक्ष भिडलेली नियमित फौज होती साडेचार हजारांच्या आसपास. म्हणजे तीन माणसांमागे एकाहून जास्त. जखमींना अजिंठ्याच्या गढीत हलवावे लागले आणि पळत्या शत्रूचा पाठलाग करायचे बळही त्या दिवशी उरले नाही. मागासलेल्या हत्यारांनी असा हिशेब होत नाही.

त्या गोलंदाजांबद्दलही सांगायला हवे, कारण त्यांची नावे कुठल्या यादीत नाहीत. इंग्रज पलटण तोफांच्या रांगेवर चालून आली तेव्हा त्यांतले कित्येक जागीच मारले गेले. बाकीचे गाड्यांखाली मेल्याचे सोंग घेऊन पडून राहिले. पुढे गेलेल्या पलटणीने तोफांच्या कानांत खिळे ठोकून त्या निकामी केल्या नव्हत्या. ती पुढे सरकताच हे लोक उठले, तोफांची तोंडे फिरवली आणि मागून मारा सुरू केला. त्या तोफा पुन्हा घेण्यासाठी वेलस्लीला स्वतः एक हायलँडर पलटण आणि मद्रासचे घोडदळ घेऊन परत यावे लागले. दिवसभरात त्याचा एक घोडा गोळीने मेला, दुसऱ्याला भाला लागला. फौज हटत असताना तोफेजवळ पडून राहायचे आणि एकट्याने लढाई पुन्हा सुरू करायची, ही गोष्ट हुकमाने होत नाही. हत्याराशी माणसाचे तसे नाते असावे लागते.

दुसरा आक्षेप मला अधिक महत्त्वाचा वाटतो: आराखडा फ्रेंच, उस्ताद स्कॉटिश, सेनापती जर्मन, यात मराठ्यांचे काय? पण ही कसोटी इंग्रजांना लावून पाहा. लंडनजवळ वूलिच इथल्या सरकारी ओतशाळेचा पहिला प्रमुख आंद्रेआस शाल्च हा स्वित्झर्लंडचा होता. १७७० साली तिथे आणलेले यान फरब्रुगेन आणि त्याचा मुलगा पीटर हे हॉलंडचे, आणि भरीव ओतलेली तोफ आडवी फिरवत आतून कोरायची रीत त्यांनीच तिथे रुजवली. तीच रीत फ्रान्सला दिली ती मारिट्झ या स्विस घराण्याने. कसबी माणसाला देशाची सीमा नसते, त्याला पगार आणि मान देणारा धनी लागतो. महादजी तसे धनी होते. आजही हेच आहे. नऊ मिलिमीटरच्या पिस्तुलांच्या चाहत्यांत ब्राउनिंगच्या हाय-पॉवरला मोठा मान आहे, कारण १९३५ सालच्या त्या पिस्तुलात मुठीतल्या मॅगझिनमध्ये दोन रांगांत तेरा काडतुसे मावत. मूळ कल्पना अमेरिकेच्या जॉन ब्राउनिंगची, ती पुरी केली बेल्जियमच्या द्युदोने सेवने, महायुद्धात ते कॅनडात तयार झाले, आणि आपल्या सैन्याचे नऊ मिलिमीटरचे पिस्तूल त्याच घडणीवर इशापूरच्या कारखान्यात होते. ते परदेशी आहे असे आपण म्हणत नाही. मग आग्र्याला आणि मथुरेला इथल्या ओतारी-लोहारांनी भट्टी पेटवून काढलेल्या तोफेला वेगळा न्याय का?

मग हार का झाली? इंग्रज पायदळाची शिस्त आणि वेलस्लीची छाती यांचे श्रेय त्यांना द्यावेच लागते. पण शंभर तोफांचा मारा सोसून थकलेली ती फळी मोडायला एक चांगला घोडदळाचा हल्ला पुरला असता, आणि घोडदळ तर शिंदे-भोसल्यांकडे हजारोंनी होते. ते बहुतेक बघत राहिले. दौलतराव आणि रघूजी दोघेही लढाई संपायच्या आत मैदान सोडून गेले. त्याआधी ऑगस्टअखेर कंपनीने जाहीरनामा काढून शिंद्यांच्या चाकरीतल्या गोऱ्या अधिकाऱ्यांना पगाराची हमी दिली होती, आणि कित्येक जण निघून गेले होते. उत्तरेत शिंद्यांच्या कवायती फौजेचा खुद्द मुख्य सेनापती पेरॉन इंग्रजांच्या आश्रयाला गेला. बाहेरचा उस्ताद आणण्यात चूक नव्हती, पण त्याच्या हाताखाली इथला अधिकारी तयार केला नाही, ही चूक फार महागात पडली. त्यातच वर्षभरापूर्वी, २५ ऑक्टोबर १८०२ ला, हडपसरला शिंदे आणि होळकर यांच्या तोफा एकमेकांवर चालल्या होत्या. त्याच भांडणातून पेशवे आणि कंपनी यांच्यात वसईचा तह झाला आणि त्या तहातून हे युद्ध. असईला होळकर नव्हतेच.

तिसरा आक्षेप जुना आणि जोरदार आहे: मराठ्यांनी तोफा-पलटणींच्या नादी लागून गनिमी कावा सोडला, तिथेच घात झाला. वेलस्लीचेही मत काहीसे असेच होते, आणि पुढच्याच वर्षी यशवंतराव होळकरांनी कर्नल मॉन्सनची जी दाणादाण उडवली, ती या मताला बळ देते. तरी मला ते पुरते पटत नाही. १८०० साली याच वेलस्लीने बंडखोर धोंडजी वाघाचा पाठलाग केला होता. धोंडजी वाघाकडे अवजड तोफखाना नव्हता, वेग होता. तरीही वेलस्लीने म्हैसूरचे बैल आणि हलके घोडदळ यांच्या जोरावर त्याला गाठून मारले. शत्रूने चालायला शिकल्यावर नुसते चालणे पुरत नाही. उलट पाटण आणि मेडता इथे १७९० मध्ये राजपुतांच्या नामांकित घोडदळाला ज्यांनी थोपवले, ते हेच कंपू आणि हाच तोफखाना. महादजींनी निवडलेली वाट चुकीची नव्हती. ती अर्ध्यावर सोडून दिली गेली.

इंग्रजांना शिंद्यांचे बळ कशात वाटत होते, ते ३० डिसेंबर १८०३ च्या सुर्जी-अंजनगावच्या तहात नोंदलेले आहे. अजिंठ्याच्या डोंगरापासून गोदावरीपर्यंतचा मुलूख, त्यात जालनापूर, दौलतरावांना सोडावा लागला. आग्रा गेले आणि त्याबरोबर तिथले कारखाने गेले. आणि एका कलमाने त्यांच्याकडून लिहून घेतले, की इंग्रजांशी युद्धात असलेल्या कुठल्याही युरोपीय किंवा अमेरिकी सत्तेचा माणूस, तसेच कंपनीच्या परवानगीवाचून इंग्रजांची गोरी वा हिंदुस्थानी प्रजा, यापुढे ते चाकरीत ठेवणार नाहीत.