धुळीतली लक्ष्मी

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी नव्या केरसुणीला हळदकुंकू वाहण्याची रीत आपल्याकडे घरोघर आहे. लहानपणी मला तिचे कधी नवल वाटले नाही, कारण बेळगावात शहापूरच्या सराफ गल्लीत, जिथे माझ्या आजोबांचे दुकान होते, तिथे केरसुणी खरोखरच लक्ष्मी होती. कारागीर कानशीने डाग घासत, तार कापत, डाक लावत. त्यातून उडालेला सोन्याचा कीस काही मांडीवरच्या फडक्यावर पडे, उरलेला जमिनीत, चटईच्या विणीत आणि भट्टीच्या राखेत जाई. म्हणून दुकानचा केर रस्त्यावर टाकायचा नाही, असा दंडक होता. रोजचा केर, राख, फुटक्या मुशी, एवढेच काय पण कारागिरांनी हात धुतलेल्या पाण्याचा गाळसुद्धा मागच्या खोलीतल्या पिंपात साठवला जाई. दिवाळी जवळ आली की ते पिंप उघडे आणि झारेकरीण येई.

झारेकरी म्हणजे सोनाराच्या दुकानातली धूळ विकत घेऊन, ती धुऊन, तिच्यातले सोने-चांदी काढणारा. आमच्याकडे येणारी बाई अर्धे कानडी, अर्धे मराठी बोले. मूठभर धूळ तळहातावर घेऊन ती अंगठ्याने चोळी, उन्हात तिरकी धरी आणि आकडा सांगे. आजोबा म्हणत, "बाई, यंदा लग्नसराई मोठी झाली. केर जड आहे." ती शांतपणे म्हणे, "जड हाय की मालक. पण तुम्ही आधीच चाळून घेतलाय न्हवं." आणि ते खरेच असे. सौदा ठोक होई. धुळीत सोने किती, हे दोघांनाही नक्की ठाऊक नसे. आजोबांना रोख रक्कम मिळे. कमी निघाले तर तोटा बाईचा. हा व्यवहार मी पुष्कळ वर्षे पाहिला, पण त्यामागे केवढा मोठा इतिहास उभा आहे, याची मला कल्पना नव्हती.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात राजाच्या सुवर्णशाळेत कोणी जावे-यावे याचे नियम आहेत. सोनार आणि भाता फुंकणारे यांच्या जोडीला तिथे 'पांसुधावक' सांगितले आहेत. पांसु म्हणजे धूळ. पांसुधावक म्हणजे धूळ धुणारे. आत शिरताना आणि बाहेर पडताना या सर्वांचे कपडे आणि हात तपासावेत, अशी आज्ञा आहे. म्हणजे इतक्या जुन्या काळीही धुळीतल्या सोन्याचा हिशेब होता आणि धुळीजवळ बसणाऱ्यावर संशयही होता. हिणकस सोने चौपट शिशाबरोबर शोधून घेण्याची कृतीही त्याच ग्रंथात आहे.

या पांसुधावकाला प्रांतोप्रांती नावे मिळाली. इंदूर-ग्वाल्हेरकडे तो न्यारिया, वडोदऱ्याकडे धूळधोया, आपल्याकडे झारेकरी आणि कानडीत जलगार. जलगार या शब्दाचा झाडूवाला असाही अर्थ आहे. कुवेंपूंच्या 'जलगार' या नाटकाचा नायक झाडूवालाच आहे. आपल्यासारख्या दुभाषी मुलखात राहणाऱ्याला यातली गंमत लगेच कळावी. भाषा बदलली तरी केरसुणी आणि सोने यांची गाठ सुटली नाही.

जलगार केवळ सोनारांच्या दारात येत नसत. जुन्या धारवाड जिल्ह्यात, म्हणजे आजच्या गदग जिल्ह्यात, डंबळजवळ कप्पतगुड्डाचे डोंगर आहेत. पावसाळ्यात तिथले ओढे वाहून गेले की जलगार त्यांची वाळू धूत. रीत साधी, पण हात तयार लागे. सोने पाण्याच्या एकोणीस पट जड, वाळू जेमतेम अडीच पट. पसरट पात्रात पाणी घालून हेलकावे दिले की वाळू निघून जाते, खाली काळी जड रेती उरते आणि त्या रेतीत सोन्याचे कण असतात. अशा कणांना पारा लावला की ते त्याला चिकटतात. पारा तापवून उडवला की हाती सोने राहते. भूगर्भ खात्याचे रॉबर्ट ब्रूस फूट यांनी १८७४ मध्ये या डोंगरांतल्या सोन्यावर लिहिले. विसाव्या शतकाच्या आरंभी विलायती कंपन्यांनी या भागात खाणी उघडल्या, पण त्या फार काळ टिकल्या नाहीत. भागधारकांच्या भांडवलाला जे परवडले नाही, त्यावर जलगारांची चूल पेटत आली होती.

रायचूर जिल्ह्यातल्या हट्टीची गोष्ट वेगळी. तिथे प्राचीन खाणकऱ्यांनी ६०० फुटांहून खोल खणले होते. खडकाला आग लावून तो तडकवायचा आणि मग फोडायचा, ही त्यांची पद्धत. जवळच मस्की येथे १९१५ मध्ये सी. बीडन नावाच्या खाण अभियंत्याला सोने शोधता शोधता अशोकाचा शिलालेख सापडला, ज्यात अशोकाचे नाव स्पष्ट कोरलेले आहे. शोध कशाचा आणि लाभ कशाचा! निजामाच्या राज्यातली हट्टीची खाण आज कर्नाटक सरकारच्या कंपनीकडे आहे आणि ती चालू आहे.

सोन्याच्या धंद्यात मोठी क्रांती झाली ती १८८७ मध्ये. ग्लासगो येथे मॅकआर्थर आणि फॉरेस्ट बंधूंनी सायनाइडच्या पातळ द्रावणात सोने विरघळवून काढण्याची रीत शोधली. जे कण डोळ्यांना दिसत नाहीत आणि पाऱ्यालाही गवसत नाहीत, ते हाती येऊ लागले. कोलारच्या खाणींनी या रीतीवर मोठा व्यवसाय केला. सुमारे १२० वर्षांत तिथून ८०० टनांच्या आसपास सोने निघाले. २८ फेब्रुवारी २००१ रोजी त्या खाणी बंद झाल्या आणि मागे राहिले भुकटीचे प्रचंड ढिगारे. वारा सुटला की ती भुकटी गावावर येते. २०२४ मध्ये कर्नाटकच्या मंत्रिमंडळाने अशा १३ ढिगाऱ्यांतून पुन्हा सोने काढण्याच्या केंद्राच्या प्रस्तावाला संमती दिली. बातमी वाचून मला आमचे पिंप आठवले. खाणीत तीन किलोमीटर खोल उतरून झाल्यावर माणूस अखेर केराशीच परत आला होता.

केर धुऊन निघते ते शुद्ध सोने नव्हे. त्यात चांदी, तांबे, डाकाचे हीण असते. मोडीत आलेल्या डागांचेही तसेच. ते शुद्ध करण्यासाठी आमच्या गल्लीत एका माडीवर गलाईवाले होते, सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातले. आपले बेळगावजवळचे खानापूर नव्हे. ते पावसाचे, आणि हे विटा-आटपाडीकडचे, दुष्काळाचे. शहापूर पूर्वी सांगली संस्थानात होते, त्यामुळे ते आम्हाला परके वाटत नसत. शेतात पिकत नाही म्हणून या माणदेशी मुलखातली माणसे गलाईची विद्या शिकून बाहेर पडली आणि केरळ-तमिळनाडूपासून बंगालपर्यंत सराफ बाजारांत जाऊन बसली. परगावी एकजण स्थिरावला की तो भावाला बोलावी, भाऊ मेहुण्याला.

त्यांची कृती मी जिन्यात उभा राहून पाहिली आहे. मोडीच्या सोन्यात ते चांदी घालत, इतकी की चार भागांत तीन भाग चांदी व्हावी. सोने शुद्ध करायचे तर त्यात आधी चांदी मिसळायची, हे मला फार दिवस उमगले नव्हते. सोने जास्त असले तर तेजाब आत शिरत नाही. चांदी पुरेशी असली की तेजाब ती खाऊन टाकते आणि तपकिरी भुगा तळाशी राहतो. तो मातीसारखा दिसणारा भुगा म्हणजे सोने. धुऊन, टाकणखार घालून मुशीत आटवला की पिवळे तेज उजळते. उरलेल्या पाण्यात तांब्याचा पत्रा सोडला की चांदी परत खाली बसते. काही वाया जात नाही. जातो तो माणसाचा श्वास. तेजाबातून लालसर धूर उठे, तेव्हा गलाईवाले तोंडाला ओला पंचा बांधत. माडीवरच्या थोरल्या गलाईकाकांचा खोकला आम्हाला खाली दुकानात ऐकू येई.

जानेवारी १९६३ मध्ये सुवर्णनियंत्रण आले आणि १४ कॅरटपेक्षा चोख नवे डाग घडवण्यास बंदी झाली. सोनारांच्या घरी चुली विझल्या. आमच्या दुकानचे दोन कारागीर गेले. एक हमाली करू लागला, दुसऱ्याचा पत्ता लागला नाही. त्या वर्षी पिंप अर्धेही भरले नाही. झारेकरीण आली, तिने पिंपात डोकावून पाहिले आणि भाव न करताच जाऊ लागली. आजोबांनी तिला थांबवून केर तसाच दिला. आयुष्यात एकदाच त्यांनी तो चाळला नव्हता. पुढे १९६८ चा कायदा आला आणि १९९० मध्ये तो रद्दही झाला.

आता कसोटीच्या दगडाची जागा यंत्राने घेतली आहे. २०२१ पासून हॉलमार्कची सक्ती टप्प्याटप्प्याने आली. जुन्या मोबाइलच्या पाट्यांतून सोने काढण्याचे मोठे कारखाने निघाले आहेत. टनभर खनिजापेक्षा टनभर मोबाइलांत कितीतरी जास्त सोने असते. पण त्याच पाट्या कुठल्याशा बोळात उघड्या तेजाबात बुडवणारी माणसेही आहेत, आणि त्यांच्या तोंडाला अजून ओला पंचाच आहे. खानापूर-आटपाडीत टेंभू योजनेचे पाणी पोचले. पण परमुलखात जन्मलेल्या गलाईवाल्यांच्या नातवंडांची शाळा आता तिथल्या भाषेत आहे, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

आजोबांच्या वह्या मी जपून ठेवल्या आहेत. दरवर्षी आश्विनात एक ओळ आहे: 'केर विकला', आणि पुढे रक्कम. गिऱ्हाइकांची नावे आहेत, कारागिरांची आहेत, माडीवरच्या गलाईवाल्यांचीही आहेत. झारेकरणीचे नाव कुठेच नाही. आम्ही तिला 'बाई'च म्हणत होतो. १९६३ च्या वहीत तर ती ओळही नाही, कारण त्या वर्षी रक्कमच नव्हती. लक्ष्मीपूजनाला केरसुणीवर कुंकू वाहताना मला दरवर्षी ती मोकळी जागा आठवते.