पोर्टस्मथ : गोदीचे शहर

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, हॅम्पशर परगण्याच्या टोकाशी, पोर्टसी नावाचे एक सखल बेट मुख्य भूमीला इतके बिलगून पडले आहे की पुलावरून आत शिरणाऱ्या नवख्या माणसाला आपण बेटावर आल्याची जाणीवही होत नाही. या बेटाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात पोर्टस्मथ शहर वसले आहे. समोर वाइट बेट आडवे पडल्यामुळे मधल्या स्पिटहेडच्या पाण्यात शेकडो गलबतांनी निर्धास्त नांगर टाकावा एवढा निवारा मिळतो. बंदराचे मुख अरुंद, म्हणजे दोन बुरुजांनी राखता येण्याजोगे, आणि आतला विस्तार ऐसपैस. निसर्गाने इतके दिले तरी तेवढ्याने आरमाराचे ठाणे उभे राहत नाही. त्यासाठी सरकारी खजिना लागतो. लाकूड, लोखंड, डांबर, काथ्या यांची कोठारे लागतात, आणि पिढ्यान्‌पिढ्या एकच काम करीत आलेले सुतार, लोहार व दोरखंड वळणारे कारागीर लागतात. प्रवासी पुस्तिका या शहराची ओळख ॲडमिरल नेल्सन आणि ट्रॅफल्गारच्या त्याच्या विजयापासून करून देतात. परंतु आरमाराच्या इतिहासात लढाईचे दिवस थोडे आणि दुरुस्तीचे दिवस फार असतात, हे ध्यानी घेऊन जो पोर्टस्मथ पाहील त्यालाच ते नीट दिसेल, असे माझे मत आहे.

बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात झां द जिझॉर नावाच्या नॉर्मन धनिकाने येथे वस्ती वसवली. ११९४ मध्ये पहिल्या रिचर्ड राजाने तिला सनद दिली. १२१२ मध्ये जॉन राजाने गोदीभोवती भिंत घालण्याचा हुकूम सोडला. या सर्वांपेक्षा मोठी गोष्ट घडली ती १४९५ मध्ये. सातव्या हेन्रीने येथे सुकी गोदी बांधवली. जहाज भरतीच्या पाण्याबरोबर आत घ्यायचे, मुखाशी लाकडी दरवाजे लावून त्यांच्या मधल्या पोकळीत माती व वाळूगोटे ठासायचे, आतले पाणी उपसून टाकायचे, की जहाजाचा तळ सुतारांच्या हाताशी येतो. जहाज पुन्हा बाहेर काढायचे म्हणजे ती ठासलेली माती खणून काढणे आले, आणि त्यात दिवसच्या दिवस जात. असली ओबडधोबड व्यवस्था. परंतु किनाऱ्यावर जहाज कलते करून आधी एक कूस आणि मग दुसरी खरवडण्याच्या जुन्या रीतीशी ताडून पाहिली म्हणजे तिचे मोल कळते. हेन्री राजा कंजूष म्हणून इतिहासात बदनाम आहे. त्याने येथे सोडलेला पैसा मात्र सार्थकी लागला.

त्याचा पुत्र आठवा हेन्री उधळा होता. त्याच्यासाठी याच गोदीत बांधलेली मेरी रोझ ही युद्धनौका १५११ मध्ये पाण्यात उतरली आणि चौतीस वर्षांची चाकरी करून १९ जुलै १५४५ रोजी, फ्रेंच आरमार समोर ठाकले असताना, साउथसीच्या नव्या किल्ल्यावरून राजा पाहत असताना, एका कुशीवर कलली व बुडाली. तिच्यावरील सुमारे पाचशे माणसांपैकी पस्तीसही वाचली नाहीत. कलण्याच्या वेळी खालच्या तोफांची गवाक्षे उघडी होती, त्यांतून पाणी घुसले, एवढे निश्चित; मूळ कारणाविषयी इतिहासकारांचा खल अजून चालू आहे. जिचा उजवा भाग चिखलात रुतल्यामुळे शाबूत राहिला अशी ही नौका ११ ऑक्टोबर १९८२ रोजी वर काढण्यात आली. वाळल्यास लाकूड तडकून भुगा होईल, म्हणून तिच्यावर आधी वर्षानुवर्षे थंड पाण्याचा आणि नंतर लाकडाच्या पेशी भरून काढणाऱ्या मेणासारख्या द्रव्याचा फवारा २०१३ पर्यंत सतत चालू होता. आता तिच्याभोवती वस्तुसंग्रहालय उभारले आहे, आणि तेथे मांडलेल्या वस्तू पाहताना राजाचा विसर पडतो. जहाजावरच्या शस्त्रवैद्याची पेटी तिच्यातल्या मलमांच्या बरण्यांसह सापडली. सुताराच्या खोलीपाशी त्याची हत्यारे आणि एका लहानशा कुत्र्याचा सांगाडा सापडला. धनुष्ये सापडली, सोंगट्यांचा पट सापडला. मी मात्र सर्वांत अधिक वेळ उभा राहिलो तो लाकडी फण्यांपुढे. बारीक दातांच्या या फण्यांत, पावणेपाचशे वर्षांपूर्वी बुडालेल्या खलाशांच्या डोक्यातील उवा अजून अडकलेल्या आढळल्या. इतिहास वाचताना ‘पाचशे माणसे बुडाली’ हे वाक्य आपण सहज ओलांडून जातो. त्या फणीपुढे तसे करता येत नाही.

मराठी वाचकाचे पाय ज्या ठिकाणी थबकले पाहिजेत ते ठिकाण पुस्तिकेत शेवटच्या पानांत येते. जुन्या शहरात, समुद्राच्या तटबंदीलगत, एक छप्पर नसलेले देऊळ आहे. तेराव्या शतकात यात्रेकरू व रुग्ण यांच्यासाठी धर्मशाळा म्हणून बांधलेली ही इमारत. आठव्या हेन्रीने मठ खालसा केले तेव्हा ती सरकारजमा झाली, मग तिच्या आवारात किल्लेदाराचा वाडा झाला, आणि पुढे प्रार्थनामंदिर शिबंदीच्या वापरात आले. १९४१ च्या जानेवारीत एका रात्री जर्मन विमानांनी शहर भाजून काढले, त्यात या देवळाच्या सभामंडपाचे छप्पर गेले. ते पुन्हा घातलेले नाही. याच आवारातील किल्लेदाराच्या वाड्यात २१ मे १६६२ रोजी इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स आणि पोर्तुगालची राजकन्या कॅथरिन यांचा विवाह झाला. वधू लिस्बनहून येऊन उतरली तेव्हा नवरदेव लंडनलाच होता, व तो काही दिवसांनी आला; वधू कॅथलिक, वर प्रॉटेस्टंट, म्हणून आधी खासगीत एक विधी व मग सर्वांसमक्ष दुसरा, असा दुहेरी सोहळा झाला. आदल्या वर्षीच्या तहनाम्यान्वये आंदण ठरले होते त्यात रोख रक्कम होती, आफ्रिकेतील टँजिअर होते, आणि मुंबई होती.

लग्न लागले, पण आंदण हाती लागेना. ताबा घेण्यासाठी सर अब्राहम शिपमन याच्या हाताखाली जे शेकडो शिपाई आले, त्यांना पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी तहनाम्यातील मजकुराचा अर्थ काढीत दाराबाहेर ताटकळत ठेवले. नाइलाजाने ते कारवारजवळच्या अंजदीव बेटावर जाऊन राहिले आणि रोगराईने व उपासमारीने माश्यांसारखे मेले. शिपमनही तेथेच मेला. अखेर १६६५ च्या फेब्रुवारीत त्याचा चिटणीस हम्फ्री कुक याने मुंबईचा ताबा घेतला, तोही अपुऱ्या मुलखासह. राजाला ही मालमत्ता इतकी डोईजड वाटली की १६६८ मध्ये वर्षाला दहा पौंड खंड ठरवून त्याने ती ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली. पोर्टस्मथच्या त्या वाड्यात मंत्र म्हटले जात असताना वधूच्या आंदणातले हे सात बेटांचे गाव पुढे काय होणार आहे याची कल्पना वधूला, वराला किंवा धर्मगुरूला असण्याचा संभव नाही.

पोर्टस्मथच्या बंदराने फाशी आणि गोळीबारही पाहिले. १७५७ मध्ये, भूमध्य समुद्रातील मिनॉर्का बेट राखण्यात कसूर केल्याच्या आरोपावरून ॲडमिरल बिंग याला बंदरात नांगरलेल्या मोनार्क जहाजाच्या तक्तपोशीवर गोळ्या घातल्या. फ्रान्सच्या व्हॉल्टेअरने ‘कांदीद’मध्ये त्या प्रसंगाची केलेली थट्टा अजून इंग्रजांना झोंबते. १७७६ मध्ये जेम्स एटकिन नावाच्या रंगाऱ्याने अमेरिकेच्या बंडाच्या कैवाराने दोरखंडाच्या कारखान्याला आग लावली. त्याला गोदीच्या दरवाजाशी डोलकाठी रोवून तिच्यावर टांगले. मला त्याहून महत्त्वाची वाटते १७९७ ची गोष्ट. फ्रान्सशी युद्ध जोरात असताना स्पिटहेड येथील खलाशांनी नांगर उचलण्याचे नाकारले, कारण १६५८ पासून त्यांचा पगार वाढला नव्हता. शिस्त राखून, अधिकाऱ्यांचा मान राखून त्यांनी मागणी केली, आणि सरकारला ती मान्य करावी लागली. संपाची इतकी नेटकी उदाहरणे इतिहासात थोडी आहेत.

नेल्सनचे व्हिक्टरी जहाज १९२२ पासून येथील सुक्या गोदीत उभे आहे. ते बांधले चॅटमला, पाण्यात उतरले १७६५ मध्ये, आणि ट्रॅफल्गारच्या लढाईत, २१ ऑक्टोबर १८०५ रोजी, नेल्सन त्याच्यावर पडला. त्याविषयी इतके लिहिले गेले आहे की मी भर घालीत नाही. त्याच सुमारास, त्याच गोदीत, जगाच्या दृष्टीने लढाईइतकीच मोठी घटना चालली होती, ती कप्प्यांच्या कारखान्यात. शिडाच्या एका मोठ्या युद्धनौकेला सुमारे एक हजार कप्प्या लागत; सगळ्या आरमाराची गरज वर्षाला लाखाच्या घरात. कप्पीचे घर एल्मच्या लाकडाचे, आतले चाक अमेरिकेतील लोखंडासारख्या कठीण लाकडाचे, मध्ये धातूची गोल कडी आणि आरपार खिळा. चाक जरासे वाकडे बसले तर दोर अडकतो; वादळात दोर अडकला तर शीड उतरत नाही, आणि शीड उतरले नाही तर डोलकाठी जाते. या कप्प्यांचा पुरवठा साउथॅम्प्टनच्या टेलर नावाच्या मक्तेदारांकडे होता. फ्रान्समधील क्रांतीतून पळून आलेल्या मार्क ब्रुनेल नावाच्या स्थापत्यविशारदाने आपल्या यंत्रांची कल्पना आधी त्यांच्यापुढेच मांडली. आमचे ठीक चालले आहे, असे सांगून त्यांनी ती नाकारली. तेव्हा ब्रुनेल आरमाराच्या बांधकामाचा प्रमुख सॅम्युएल बेंथम याच्याकडे गेला, आणि हेन्री मॉड्स्ले या कुशल लोहाराने ती यंत्रे सबंध लोखंडाची घडवून दिली. एक यंत्र भोक पाडी, दुसरे खाच कोरी, तिसरे बाहेरचा बाक देई, आणखी एक चाक तासी. शक्ती वाफेच्या इंजिनाची. १८०८ च्या सुमारास तेथे वर्षाला १ लाख ३० हजार कप्प्या तयार होऊ लागल्या, आणि पूर्वी ११० कसबी कारागिरांना जमत असे ते काम १० साधे मजूर करू लागले. एकाच वस्तूच्या हजारो सारख्या प्रती यंत्राने काढण्याची जी पद्धत आज सर्व कारखान्यांचा प्राण आहे, तिचा हा पहिला मोठा प्रयोग. त्या शंभर कारागिरांचे पुढे काय झाले, हा प्रश्न विजयगाथांत कोणी विचारीत नाही. कारखान्याची इमारत आरमाराच्या हद्दीत असल्यामुळे एरवी पाहू देत नाहीत. यंत्रांचे काही नमुने लंडनच्या विज्ञान संग्रहालयात आहेत. ब्रुनेलचा पुत्र इसम्बार्ड, ज्याने पुढे रेल्वे व बोटी बांधून बापापेक्षा मोठे नाव मिळवले, तो याच पोर्टसीत १८०६ मध्ये जन्मला. १८१२ मध्ये याच शहरात आरमाराच्या पगारखात्यातील एका कारकुनाला मुलगा झाला, तो चार्ल्स डिकन्स. त्याचे जन्मघर जतन केले आहे.

नेपोलियनशी झालेल्या युद्धात इंग्लंडच्या ओकचा तुटवडा पडला, आणि नौदलाची नजर मुंबईकडे वळली. तेथे १७३६ मध्ये सुरतेहून आलेल्या लवजी नसरवानजी वाडिया यांनी गोदीचा पाया घातला होता; १७५० पर्यंत तेथेही सुकी गोदी झाली होती; आणि मलबारच्या सागवानातून वाडिया घराण्याचे मिस्त्री जी जहाजे उतरवीत, ती ओकच्या जहाजांपेक्षा टिकाऊ ठरत. १८१६ मध्ये जमशेटजी बमनजी यांनी तळाच्या कण्यात चांदीचा खिळा ठोकून ट्रिंकोमाली या नौकेचे काम सुरू केले. तिचा पहिला नकाशा ज्या जहाजाने मुंबईस येत होता ते अमेरिकनांनी पकडले, म्हणून दुसरा पाठवावा लागला होता. नौका १८१७ मध्ये पाण्यात उतरली, ३० एप्रिल १८१९ रोजी पोर्टस्मथला पोहोचली; आणि तोवर युद्धच संपले असल्यामुळे जवळजवळ पाव शतक ती येथे निरुद्योगी पडून राहिली. तिच्यापाठोपाठ १८२४ मध्ये मुंबईतच उतरलेले एशिया हे ८४ तोफांचे जहाज नावारिनोच्या लढाईत ॲडमिरल कॉड्रिंग्टनचे निशाणाचे जहाज होते. उतारवयात ते पोर्टस्मथच्या बंदरात पहाऱ्यावर राहिले व १९०८ मध्ये विकले गेले. सागवानाची कीर्ती लोखंडी जहाजांच्या युगातही टिकली. १८६० मध्ये उतरलेली, आज गोदीच्या प्रवेशाशी नांगरलेली वॉरियर ही नौका पहिली लोखंडी बांधणीची चिलखती मोठी युद्धनौका. तिच्या साडेचार इंच जाडीच्या लोखंडी चिलखतामागे अठरा इंच सागवानाचे पाठबळ आहे. युद्धात तिने एकही गोळा झाडला नाही, हे तिच्या मोठेपणात उणे धरू नये. तिच्या धाकाने जे झाले नाही त्याची मोजदाद कोणत्या दप्तरात होत नाही.

साउथसीचा किनारा, गोल बुरूज आणि चौकोनी बुरूज, नॉर्मंडीच्या स्वारीचे संग्रहालय आणि २००५ मध्ये उभारलेला १७० मीटरचा शिडाच्या आकाराचा मनोरा, हे सर्व एका दुपारी पाहून होते. मनोऱ्यावरून बंदराची रचना मात्र नकाशाप्रमाणे उलगडते, म्हणून तेथे आरंभीच चढावे. गोदीला सबंध दिवस द्यावा. मुंबईत बांधलेले जहाज येथे शोधू नये. ट्रिंकोमाली फूड्रॉयांट या नावाने मुलांच्या शिक्षणासाठी अनेक वर्षे याच बंदरात होती, १९८७ मध्ये ती उत्तरेस हार्टलपूलला नेली, आणि मूळ नावाने व मूळ रूपात दुरुस्त करून तेथेच पाण्यावर ठेवली आहे. ज्या मराठी माणसाला दोन दिवस जास्त मिळतील त्याने हार्टलपूलपर्यंतचे तिकीट काढावे.