गाडी सोडणे, लावणे आणि तळ देणे

'पार्क' या इंग्रजी शब्दाचे मूळ बागेत नाही, कुंपणात आहे. शिकारीसाठी कुंपण घालून राखलेले रान म्हणजे पार्क. पुढे लष्कराने तोफा आणि सामानाच्या गाड्या ओळीने ठेवण्याच्या जागेला तेच नाव दिले. त्यातून क्रियापद रुळले आणि मोटारींबरोबर रस्त्यावर आले. आम्हा गोवेकरांच्या मागच्या पिढीच्या कानावर पोर्तुगीज 'इश्तासिओनार' होता. त्याचे लॅटिन मूळ 'उभे राहणे' या अर्थाचे, म्हणजे आपल्या संस्कृत 'स्था'चा भाऊबंदच. 'गाडी उभी कर' म्हणताना आपण नकळत त्याच घरात असतो.

मराठीत यासाठी एकच नेमका शब्द नाही, अशी तक्रार कचेरीत मी पुष्कळदा ऐकतो. मला ती पटत नाही. शब्द अनेक आहेत, कारण थांबण्याचे प्रकार अनेक आहेत.

निपाणीजवळचे, सीमेवरचे बोरगाव घ्या. राज्य कर्नाटक, पण मराठी रोजच्या बोलण्यातली. तंबाखूचा हा मुलूख. बैलगाडीच्या काळात मुक्कामी पोचल्यावर गाडी 'सोडत', म्हणजे बैलांच्या मानेवरचे जू उतरवत. एसटी आली आणि अर्थ उलटला. आता गाडी सोडली म्हणजे ती निघाली! मोटार मात्र कडेला, रस्त्याला समांतर 'लावायची'. दार लावावे, दिवा लावावा, तशीच. आणि पुष्कळ गाड्या एकत्र उतरल्या की तो तळ. हडपसरचा गाडीतळ नावाने अजून टिकून आहे. सरकारी 'वाहनतळ' त्याच शब्दावर उभा आहे.

पण तळ गाड्यांचाच नसतो, माणसांचाही असतो. मार्च १९८१ मध्ये तंबाखूला रास्त भाव मिळावा म्हणून शेतकऱ्यांनी शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली निपाणीला पुणे-बंगळूर महामार्गावर तळ दिला. तीन आठवड्यांहून अधिक काळ ते रस्त्यावर राहिले. ६ एप्रिलला पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात शेतकऱ्यांचे बळी गेले.

गाडी पार्क करणारा कुलूप लावून निघून जातो. तळ देणारा तिथेच राहतो, चूल मांडतो, वाट पाहतो. निपाणीत जे घडले ते सांगायला 'पार्क' उपयोगाचा नाही. मुलांनी गाडी खुशाल पार्क करावी, पण तळ देणे म्हणजे काय, हे त्यांना ठाऊक असावे.